मिठाला पाणी सुटतं

झोपडीमागच्या दगडी चौथऱ्यावर पेटी बसवली
तेव्हा अब्बा हसला नाही, रागावलाही नाही.
चाळीस वर्षं त्यानं मिठाच्या लाद्या कापल्या,
कुऱ्हाडीचे नऊ दांडे झिजवले,
उंटांच्या पाठीवरून डोंगरात धाडलं ते पांढरं ओझं,
आणि आता मोमिना नावाची पोर,
सेमेराहून शिकून आलेली,
सांगत होती की पेटीतही मीठच आहे.

मिठानं तहान लागते, बाई.
एवढंच म्हणाला तो.

हे नव्हे, दुसरं, ती म्हणाली,
जेलीत कालवलेलं, काळं, हावरट.
रात्री झाकण उघडं टाकायचं.
समुद्राकडून येणारा वारा आपल्याला कोरडा वाटतो,
तसा नसतो तो.
जकात चुकवणाऱ्या व्यापाऱ्यासारखा
ओल लपवून नेतो आपल्या दारावरून.
हे मीठ त्याची झडती घेतं.

सकाळी झाकण लावायचं.
ऊन जेलीला तापवतं, ती गिळलेलं सोडते,
आणि वरचा पांढरा पत्रा
भर दुपारीही हाताला गार,
कारण ऊन तो परतवतो
आणि स्वतःची धग सरळ आभाळात सोडून देतो.
त्याच्या पोटाला थेंब धरतात.
वीज नाही, मोटर नाही.
नुसतं बघत बसणं.

खाल्ल्या मिठाला माणसानं जागावं म्हणतात.
त्या रात्री मीठ जागत होतं
आणि अब्बा त्याच्या सोबतीला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना नळीतून
तीन पेले.
सगळी वस्ती जमली, पहिला घोट कुणी घेईना.
शेवटी यायोचा धाकटा पुढे झाला, प्यायला,
तोंड वेडंवाकडं करून म्हणाला,
याला चवच नाही.

आमच्या विहिरीचं पाणी जिभेवर बसतं,
चहात बसतं, दातांवर बसतं.
हे आलं आणि गेलं,
जसं कुणी दारात येऊन नाव न सांगता निघून जावं.

अब्बानं पेला घेतला.
कमरेच्या पिशवीतून चिमूटभर मीठ काढलं,
टाकलं, बोटानं ढवळलं,
डोळे मिटून प्यायला.
आता पाणी झालं, म्हणाला.

मोमिनानं वही उघडली होती.
काही न लिहिता मिटली.

तिसऱ्या आठवड्यात धुळीनं पत्रा पिवळा पडला,
तीन पेल्यांचे दीड झाले.
आई आता पहाटे शेळीच्या कातड्यानं तो पुसते,
पुसताना वाऱ्याला शिव्या देते, मग त्यालाच ये म्हणते.
पिवळा कॅन घेऊन मी अजूनही टँकरच्या वाटेला जाते.
पूर्वी चारदा, आता तीनदा.
एवढाच फरक,
पण त्या चौथ्या दिवशी मी दुपारी झोपते.

अब्बा मात्र अजून पेटीशेजारीच चटई टाकतो.
मोमिना परवा हसत म्हणाली,
जवळ निजणाऱ्याचा श्वाससुद्धा पितं हे मीठ,
त्यातलीही ओल सोडत नाही.

आई चूल फुंकत होती. थांबली.
म्हणजे, तिनं विचारलं,
रोज सकाळी आम्ही
ह्यांचं घोरणं पितोय की काय?