पॅड नंबर सहा

घणसोली गावात हळद होती.
मांडवाच्या एका कोपऱ्यात माझा ऑक्टोपॅड,
दुसऱ्यात, पाटावर, चांगुणाबाय धवलारीण.
मधे टेप मारलेली वायर,
तिच्यात अडकून नवऱ्याचा मामा दोनदा पडला.

तिचं संपल्यावर आम्ही सुरू करायचं, असं ठरलेलं.
तिचं संपत नव्हतं.
उंबराची फांदी झाली, तांदूळ झाले,
मग एकेका देवाला नावानिशी आवतण,
एखादा राहिला तर रुसायचा.
मी हेडफोन चढवले
आणि बोटं आपोआप तिच्या मागून चालायला लागली,
तिला कळणार नाही इतकी हळू.

चारवर माझ्याकडे नाशिक ढोल.
पाचवर साइड ड्रमचा रोल,
चेंदणीच्या ब्रास बँडमधल्या जोकिमकडून शिकलेला.
सातवर कव्वालीतली टाळी, मुंब्र्याच्या तौफिकची,
एका वडापावच्या बदल्यात पेनड्राइव्हवर मिळालेली.
सहा रिकामा. तीन वर्षं रिकामा.

तिनं शेवटचा "गो" लांबवला
आणि मी रेकॉर्डचं बटण दाबलं.
न विचारता.

दहाला पोलीस आले, साउंड बंद.
जेवणं उरकल्यावर गेलो तिच्याकडे कबूल करायला.
कुड्यांवरून हेडफोन बसवले,
सहावर बोट ठेवलं:
तिचाच गळा, खाली आमचा नाचाचा ठेका.
आता शिव्या, म्हटलं.

"जोरान लाव," ती म्हणाली.
आणि मग, भाकरी मोडता मोडता,
"ही चाल काय माजी हाय?
माजे आयशीनं उचलली, मिठागरावर.
मुकादमाचे घरा फोनो व्हता, कर्न्याचा.
कंची बाय गायची, कंचे भाषेन, आयशीला ठावं नाय.
शबुद समजले नाय, मंग आपले घातले."

मिठागराचा आता सेक्टर झालाय.
त्या मुकादमाचं घर कुठल्या टॉवरखाली गेलं कोण जाणे,
आणि ती बाई, कुठल्याशा शहरात
भोंग्यात तोंड घालून गाणारी,
तिनं तरी ती ओळ कुणाच्या अंगणातून

पहाटे पैसे वाटले. वायर गुंडाळत होतो
तर चांगुणाबाय परत आली, चप्पल हातात.
"ती सातवरची टाली.
सोमवारी बोनकोड्याला माजा धवला हाय, तिकरं आन.
देवाना बोलवताना बरी परल."

म्हणजे तौफिकला अजून एक वडापाव.