आधी सांगायचं

ग्रिम्सबीत, कार्पेटच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही सातजण, आठवी पलंगावरची बाहुली.
बाहुलीचं नाव एडिथ. तिचा डावा हात निखळतो,
बोलता बोलता कुणीतरी तो परत बसवतं.

डेनिसबाई शिकवतात. वीस वर्षं हेच केलंय,
गुडघे गेलेत, आवाज शाबूत.
"माणूस उचलायचा नसतो," त्या म्हणतात,
"सरकवायचा, वळवायचा, नाहीतर यंत्राला सांगायचं.
पाठ एकच मिळते."
मी वहीत लिहिते: पाठ एकच.
बार्शीच्या शाळेत सतरा वर्षं
परीक्षानळ्या धुतल्या, ॲसिडच्या बाटल्या मोजल्या,
आणि इथे पुन्हा पहिलीत,
छातीवरच्या पट्टीत सुमेधाची सुमेडा.

पंधरा धडे. हात धुणं हा एक अख्खा धडा:
बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट.
पाणी जाड कसं करायचं, तेही शिकायचं असतं.
पूड घाला, ढवळा, थांबा;
पातळ पाणी काहींच्या श्वासनळीत उतरतं.
अंगठ्या नकोत, नखं आखूड,
मंगळसूत्र ट्युनिकच्या आत.
कुणाकडून काही घ्यायचं नाही, बिस्किटसुद्धा नाही.
(जरा थांबून: "बरं, बिस्किट चालेल.")

दुपारी जोड्या पाडल्या.
एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं दही भरवायचं.
माझ्या वाट्याला एनुगूची इफेओमा.
पहिला चमचा न सांगता आला,
थंडगार, ओठाच्या कोपऱ्यावर. मी दचकले.
दुसऱ्याच्या आधी ती म्हणाली,
"येतोय हं. स्ट्रॉबेरी."
एवढंच. आणि तोंड आपोआप उघडलं.
याआधी मला कुणी कधी भरवलं होतं
ते काही केल्या आठवेना.
नाकात पाणी आलं, सगळ्यांना वाटलं ठसका लागला.

बाबांचं शेवटचे चार महिने मीच केलं.
पंचा ओला करून अंग पुसायची,
ते भिंतीकडे बघत राहायचे.
दर दोन तासांनी कुशीवर वळवायची,
खांद्याखाली हात घालून, एका हिसक्यात,
कुकरची शिट्टी, शाळेची वेळ.
"बाबा, आता वळवते हं" असं
एकदाही म्हटलं नाही.
गल्लीत सगळे म्हणाले, लेकीनं खूप केलं.
केलं.
सांगितलं नाही.

शेवटी लेखी परीक्षा. काळजी म्हणजे काय, दोन ओळींत.
आमच्याकडे दोन्हींना शब्द एकच,
घ्यायची ती, आणि लागून राहते ती.
पहिलीला तासावर पगार आहे,
दुसरी आपल्याबरोबर बसमध्ये चढते.
मी लिहिलं: संमती, सन्मान, स्वातंत्र्य.
दहापैकी नऊ.

मग तीन दिवस सावली व्हायचं,
अनुभवी बाईच्या मागे भिंतीला टेकून नुसतं बघायचं.
चौथ्या दिवशी मिस्टर ब्लँचर्ड माझ्या हाती.
उत्तर समुद्रावर तीस वर्षं मासेमारी.
बोटं अजून ब्लँकेटच्या कडेला
गाठी मारतात, तपासतात, सोडवतात.

"मिस्टर ब्लँचर्ड, मी पडदा थोडा उघडते."
उत्तर नाही.
"आता तुमचा डावा हात बाहीतून काढते."
नाही.
"पाणी कोमट आहे. मानेपासून सुरू करू?"

त्यांनी हनुवटी वर केली.

नोंदीत दिसलं तेच लिहायचं, वाटलं ते नाही.
सात चाळीस. अंग पुसलं. कातडी शाबूत.
चहा, जाड केलेला, अर्धा कप. बोलले नाहीत.
हनुवटीचं कुठे लिहावं कळेना,
'इतर'च्या रकान्यात लिहिलं: सहकार्य केलं.

पुढचं घर आठ पाचला, कालव्यापलीकडे.
बस नाही. निघाले चालत,
हाताला साबणाचा वास,
आणि पुटपुटत होते मराठीत, कुणाला कोण जाणे,
आता वळते हं, इथून डावीकडे.