बस

डॉक्टर देवतळे म्हणाले, बीपी चढलंय,
मीठ कमी, आणि रोज वीस मिनिटं ध्यान.
त्याच आठवड्यात फुटाण्यानं
पांढरीपांड्यांची तिसरी चप्पल खाल्ली.
डावीच. त्याला डावीच लागते.
म्हणून एप्रिलपासून आमच्या घरात दोन विद्यार्थी:
मी सकाळी सहाला, त्रिमूर्तीनगरच्या हॉलमध्ये,
तो संध्याकाळी, सेमिनरी हिल्सच्या उतारावर.
फी त्याची जास्त.

हॉलमधली बाई मधाळ आवाजात सांगायची, श्वास पाहा.
मी पाहायची. एक. दोन.
तिसऱ्याला मन गोकुळपेठेत,
सांबाराची जुडी वीसला कशी, म्हणून हुज्जत घालतंय.
तिथून थेट वीज मंडळात,
सहा वर्षं झाली मला रिटायर होऊन,
आणि हे खापर्डे साहेबांना ते उत्तर देतंय
जे तेव्हा सुचलं नव्हतं.
फार छान उत्तर होतं.
भानावर आले की मी स्वतःला झापायची:
साठी उलटली, लाज कशी नाही,
बाकीचे बघ कसे बसलेत दगडासारखे!
(पुढचे बोकारे काका झोपलेले असत, हे नंतर कळलं.)

संध्याकाळी रंगारी.
पोलिसांच्या श्वानपथकात बावीस वर्षं,
एक गुडघा गेलेला, खिशात उकडलेली कलेजी,
त्यामुळे सगळं मैदान त्यांच्या प्रेमात.
पट्टा सोडून म्हणाले, बस.
फुटाणा बसला. मला वाटलं, झालं, शिकला.
तेवढ्यात खार.
कुत्रं बाभळींपल्याड, टीव्ही टॉवरच्या दिशेनं,
आणि मी इथून बोंबलतेय.
दहा मिनिटांनी आला, जीभ लोंबत, अंगभर कुसळं,
तसा मी हात उगारला.

रंगारींनी वरच्यावर धरला.
"मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही?
पळाला, ते त्याच्या ध्यानातच नाई आता.
आत्ता त्यानं काय केलं? आला.
आल्यावर फटका द्याल तं त्याले काय समजन?
का परत येणंच वाईट असते.
गेला त्याचं सोडा. आला ना? मंग द्या तुकडा."

दिला तुकडा.
घरी येताना ऑटोत फुटाण्याचं डोकं माझ्या मांडीवर,
कुसळं टोचत होती, काढली नाहीत.
आजवर कुणाकुणाला मी आल्यावर मारलं
याची मोजदाद शंकरनगर चौकापर्यंत पुरली.
दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून पोचलेला माझा मुलगा,
दारातच, हातात बॅग.

दुसऱ्या दिवशी हॉलला बुट्टी मारली.
घरीच बसले, चटईवर, कूलरसमोर.
मन उठलं, साहेबांकडे निघालं.
जाऊ दिलं. फक्त हाक मारली, आवाज न चढवता.
आलं. शेपूट पायात, मार खायच्या तयारीनं.
म्हटलं, शाबास. आलंस, बरं केलंस.
ते जरा गोंधळलंच.
बक्षीस काय द्यावं, हा मोठा प्रश्न.
रंगारींना विचारलं तर म्हणाले,
"ते मले नाई माईत. मी कुत्र्याचा माणूस."
शेवटी कूलर कामी आला:
वाळ्याच्या नव्या ताट्या, ओल्याकच्च,
आल्यागेल्याला एकेक गार श्वास.

वीस मिनिटांत चाळीसदा पळतं.
म्हणजे चाळीसदा येतं.
हिशेब वीज मंडळातला आहे, पक्का.

आता आम्ही दोघं एकाच चटईवर.
मी म्हणते, बस.
कुणाला म्हटलं ते दोघांनाही नक्की कळत नाही,
म्हणून दोघंही बसतो.
मग कंपाउंडवर खार येते,
तीच असेल असं नाही, पण चेहरा तोच.
फुटाण्याचा कान उभा.
माझाही.
पांढरीपांडे हल्ली चपला खिडकीत ठेवतात.
दार उघडंच आहे.
बघू, आज आधी कोण परत येतं.