तीन ते चार, दोनदा

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. पहाटे
चार वाजले की पुन्हा तीन वाजतील,
असं रेडिओने काल दिवसभर बजावलं.
यार्को रात्रपाळीला, इसाल्मीच्या लाकूडगिरणीत.
एक तास जास्त उभा राहील करवतीपाशी.
त्याचे पैसे मिळतात का, विचारायचं राहूनच गेलं.

पहिले तीन बाळाचे.
दिवा न लावता पाजतेय. बाहेर
तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरलीय.
सहा आठवड्यांचं झालं, अजून नाव नाही.
आमच्याकडे घाई नसते; पाद्री येईल, कॉफी होईल,
तोवर ते नाव आई-बापाने ओठांत धरून ठेवायचं.
सासूबाईंना हे सोसवत नाही.
नाव ठेवायचं बाकी आहे, नावं ठेवून झाली:
कान कुणावर गेलेत कळत नाही,
टोपी पातळ आहे,
आणि आईने सारखं उचलू नये.

हेल्का अडीच वर्षांची. ती त्याला बटाटा म्हणते.
सप्टेंबरात परसातले बटाटे खणले तेव्हा
मला वाकता येत नव्हतं, मी बादली धरून उभी,
ती कोपरापर्यंत मातीत,
प्रत्येक बटाटा वर धरून विचारायची: हा का?
हा नाही. हासुद्धा नाही.
अकरा दिवसांनी इस्पितळातून आलो,
तिने दुपटं बाजूला करून पाहिलं,
ते लाल, सुरकुतलेलं, नुकतंच उपसलेलं तोंड,
आणि म्हणाली: हा.

काल दुपारी बाळ अंगणात झोपलं होतं, गाडीत,
रोजच्यासारखं, दोन अंशांवर, लोकरीत.
मी भांडी विसळत होते. खिडकीतून पाहिलं
तर गाडीत बाळ नाही,
नुसती बर्चची पानं, काठोकाठ, पिवळीधमक,
आणि हेल्का अजून ओंजळी ओततेय.
मी मोज्यांवरच धावले. ओरडले.
शेजारच्या इर्याबाईंचा कुत्रा भुंकायचा थांबला, एवढं ओरडले.
दोन्ही हातांनी पानं उपसली
आणि मग दिसलं:
नाक उघडं ठेवलं होतं तिने.
नाकाभोवती नीट जागा केली होती,
एकही पान नाही, वाटीएवढी.
बाळ झोपेत ओठ हलवत होतं.
हेल्का रडली नाही. तिने हात मागे लपवले.
रात्री जेवलीही नाही.

फोनमधले चार मुकाट्याने तीन झाले.
बाळाला खाली ठेवतेय, तोच दारात पावलं.
एक मोजा पायात, एक हातात.
"बटाटे गोठतात," ती म्हणाली,
जणू मी दुपारपासून तेच विचारत होते.

खरंच की. आजीनेच सांगितलेलं, तळघरात,
पेंढा पसरताना: उघडे ठेवलेस तर गोठतील, काळे पडतील.
टोपी पातळ आहे, हेही तिने ऐकलेलं असणार.
घरात एकटीनेच सगळ्यांचं सगळं ऐकलं होतं.

मी म्हटलं, चुकलं माझं.
तिला ते नको होतं. ती माझ्या अंगावर
मोकळी बाजू शोधत होती, डावी, जिथे दूध सांडलेलं,
ओली, पण मोकळी.
तिथे डोकं खुपसून तिने थंड पाय माझ्या पोटावर टेकवले,
जिथे मागच्या शरदात ती मावायची, सबंध.
आता निम्मी बाहेरच राहते.

मग मी तिच्या कानात नाव सांगितलं.
पाद्र्याच्या आधी, आजीच्या आधी.
तिने ते तोंडात घोळवलं,
उकडलेल्या बटाट्यासारखं, चटका बसत,
या गालातून त्या गालात.
आणि गिळलं.

यार्को आला तो भुश्श्याचा वास घेऊन.
किती वाजले, म्हणाला, झोपली नाहीस?
हेल्काने डोळे न उघडताच सांगितलं:
मी नाही सांगणार.
काय?
ती गप्प. मीही.
भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले होते,
त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.