गोठ्याचा हात

गोठिवली गावठाण, घर नंबर एकशे बारा.
माझ्याकडे टेप, पाटीला चिमटवलेला कागद,
टेपचं दुसरं टोक घरमालक हसुराम म्हात्र्यांच्या चिमटीत.
दर खोलीत ते एकच विचारतात:
"गोठा पन धराचा ना?"

आधी ओटी.
सहा खांब सागाचे, खाली काळ्या दगडाचे तळखडे,
कोपऱ्यातल्या खांबावर गुडघाभर उंचीला
पांढुरकी रेघ.
खाडी कधीतरी इथवर येऊन बसून गेली होती.
मग माजघर, भाताची कोठी, मागची पडवी,
तिथे वॉशिंग मशिन,
एक पाय उखळात घालून उभं,
मुसळाची भीती नसलेलं.

माळ्यावर चढलो. आढ्यात मधोमध भोक,
आरपार, अंगठा जाईल एवढं.
सुतारकामात त्याला काही कारण नाही.
"डोलकाठी हाय ती," खालून हसुराम,
"आमचे मचव्याची. मीठ जायाचा तिच्यावर."
डोलकाठी शेंड्याकडे बारीक होत जाते,
म्हणून या घराचं छप्पर
पश्चिमेला चार बोटं खाली.
शीड सोडून आता कौलं धरलीत तिनं.
वारा तोच आहे,
फक्त निघायचं नाही.

टेपच्या इंचांच्या बाजूनं वाचत गेलो
आणि आकडे बोलायला लागले.
दार चार हात, ओटी बारा हात,
आणि हात साडेअठरा इंचांचा,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
कुणा एका उंच माणसाचा.
खाचा डावीकडून मारलेल्या. डावखुरा.
दुपारपर्यंत तो मला
चांगला ओळखीचा झाला होता.

मग खळं ओलांडून मागे.
मिठाची कोठी: आता आठवीपर्यंतची शिकवणी.
अवजारांची खोपी: इन्व्हर्टर, फुटका कॅरम.
गोठा: दरभंग्याची तीन पोरं भाड्याने,
महाप्याच्या कंपनीत रात्रपाळी.
गव्हाणीत त्यांच्या बॅगा ओळीनं लावलेल्या.

गोठा आठ हात भरायला हवा.
सोळा इंच कमी.
टेप झटकला, पुन्हा मोजलं. पुन्हा सोळाच.
कोठी मोजली, तीही आखूड, त्याच हिशोबानं.
इथला हात साडेसोळा इंचांचा होता.

"सुतार बदलला होता का?"

हसुरामांनी टेपचं टोक सोडलं,
सर्रकन येऊन माझ्या बोटावर आपटलं.
"वाशीचा धोंडू सुतार. घर बांधला
आन तापानं गेला.
गोठ्याचा इसार घेतलेला, खाऊन झालेला.
मंग त्याची बायकोच आली करवत घेऊन.
कोंडी.
अजून आख्खा गाव म्हनतो, कोंडीचा गोठा.
घराला धोंडूचा कोन म्हनत नाय.
घर आमचाच."

मी पुन्हा आत गेलो, या वेळी टेप न घेता.
खिडकी माझ्या छातीशी:
तिथे तिचे डोळे असणार.
गव्हाण अशा उंचीवर
की पेंढा टाकताना तिला टाचा उचलाव्या लागू नयेत.
खाचा उजवीकडून, गरजेपेक्षा खोल,
जणू विश्वास फक्त लाकडावर ठेवायचा ठरवलेला.
घराचं आढं झुकलंय.
हे अजून दोरीत आहे.

फॉर्मवर रकाने चार:
लांबी, रुंदी, चौरस मीटर, वापर.
वापर: निवासी.
समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं, साडेसोळा,
ऑफिसात कुणीतरी खोडेल म्हणून
जरा दाबून.

"मंग? धरला ना गोठा?
गरजेपोटी हाय तो. लिवा तसा."
"धरला," म्हटलं.

बाहेर पडताना वाकलो, बेतानं,
तरी डोकं आपटलंच चौकटीवर.
लागलं नाही.
पोरांनी तिथे भांडी घासायचा स्पंज
सुतळीनं बांधून ठेवला होता.