डावा मडगार्ड

कॅझच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात
मी गाडी घरी ओढून आणली.
बहात्तर सालची जॅवलिन, हिरवी,
नाकावर विजेच्या खांबाचा साचा घेऊन आलेली.
विमावाला म्हणाला, भंगार.
मी म्हटलं, सही कुठे करू?

मग यादी. पिठाच्या रिकाम्या पुड्यावर, पेन्सिलने:
डावा मडगार्ड, बॉनेट, रेडिएटर,
जाळी, पुढचा दिवा, स्टिअरिंगचा दांडा,
आणि तळाशी, तिथे काही संबंध नसताना,
अंडी.

मस्टँगवाल्यांचं बरं असतं.
एक फोन केला की अख्खी गाडी येते खोक्यांतून,
स्क्रूसुद्धा नवे कोरे, जुने दिसणारे.
आमची कंपनीच उरली नाही.
केनोशात जिथे आई एकोणीस वर्षं दारं बसवायची
तिथे कुंपण आहे, कुंपणाआड गवत,
आणि सरोवरावरून येणारं धुकं, फुकट.

फायबरचा एक मडगार्ड मिळत होता.
पेराने वाजवून पाहिला,
सहलीच्या ताटलीसारखा वाजला.
दाराशी धरला तर करंगळी जाईल एवढी फट.
असली फट आईने पाहिली असती
तर पट्टा थांबवला असता.

रॅसीनच्या पुढे ऑर्व्हिल टेस्मरच्या आवारात
एक पिवळी उभी होती, चाकांविना, विटांवर.
सुटा देत नाही, तो म्हणाला, न्यायची तर अख्खी ने.
नालासाठी घोडा.
तोही पाय नसलेला.
मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार,
कप्प्यात बोलिंगचा कागद: डोरीन, १८७.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
विस्कॉन्सिनच्या रस्त्यावरचं मीठ पाहिलेलं नाही.
ते लोखंड आतून खातं,
रंगाला पत्ता लागू न देता.
मी पेचकस टोचत गेले कडेकडेने,
टक, टक, टक,
मग भस्स.
तिथे पुटी होती, बोटभर जाड.
खरवडली तेव्हा कळलं,
ही डोरीनसुद्धा कधीतरी
डाव्या बाजूनेच आदळली होती.

तरी घेतला.
त्या भस्सच्या जागी पत्रा कापून जोडला,
रात्री अकरापर्यंत. शेजारच्या लुंडग्रेनबाईंनी
दोनदा दिवा लावला, दोनदा विझवला.

कॅझ कुबड्यांवर आला.
माझ्यात टायटॅनियम आहे, म्हणाला,
मूळ कारखान्याचं नाही. नंबर जुळत नाहीत.
प्रदर्शनात मला कोण बक्षीस देणार?
हसला, मग हसणं दुखलं म्हणून थांबला.

मडगार्डला चार महिने गेले.
जाळीसाठी मी आयोवातल्या एका माणसाशी
तीन रविवार घासाघीस केली.
ब्रेकना एक मिनिटही लागलं नाही.
डिस्क घेतले, नवे, सगळ्यात महागडे,
ह्या गाडीला मुळात नव्हतेच तसले.
जाणकार म्हणाले, किंमत पडेल. पडू दे.
जुने काढले तेव्हा हातात धरून पाहिले होते.
चांगले जाड होते.
धरले असते त्यांनी.

पोलिसाच्या कागदावर एक ओळ आहे,
रस्त्यावर टायरच्या घसटीची खूण आढळली नाही.
कागद मी घडी घालून हत्यारांच्या पेटीत,
सगळ्यात खालच्या खणात ठेवलाय.
कॅझला माहीत आहे तो कुठे आहे ते.
पाने घेताना तो खण तो उघडत नाही.
मीही विचारलेलं नाही.

आज मडगार्ड चढवला, हिरव्यावर पिवळा.
तो स्टुलावर बसून दिवा धरून होता,
एक डोळा मिटून, दाराची रेघ बघत.
दोन मिलिमीटर वर, म्हणाला.
मी दोन मिलिमीटर वर घेतला.
आता पुढे. थोडा. बस.
दार लावून बघ.

लागलं.
आईच्या हातचं लागायचं तसं नाही,
पण लागलं.

पुन्हा लाव, तो म्हणाला.

यादीतलं बरंचसं खोडून झालंय.
अंडी राहिलीच.