पावणेचार

केंद्रप्रमुखांना शुक्रवारपर्यंत हवेत
बावीस मुलांचे पोर्टफोलिओ,
एकेका फोल्डरात पाच-पाच पुरावे.
पुरावे म्हणतात ते. जणू पोरांनी काही चोरलंय.

शाळेत रेंज नाही.
म्हणून सुटल्यावर टॅबलेट ओढणीत गुंडाळून
मी सड्यावर चढते, कलमं संपतात तिथे
कातळावर बसते, फिरतं चक्र बघत.
खाली खाडीचं तोंड, परतणारे ट्रॉलर,
बर्फाचा कारखाना, वाळत घातलेली सुंगटं.
वर एक टक्का. दोन टक्के.
तोवर काय करणार, उघडून ऐकते एकेक.

तहुरा मुकादम, इयत्ता चौथी:
जूनमधलं वाचन, अक्षराअक्षराला ठेचकाळत.
डिसेंबरमधलं, धावत.
मधल्या एका रेकॉर्डिंगमध्ये फक्त कोंबडा आरवतो
आणि तिचं हसू.
हे काढूया का, म्हटलं, तर म्हणाली,
नको बाई, त्याच दिवशी मला जमायला लागलं.

मग लौकिक कुबल.
त्याचा चाचणीचा पेपर मी स्कॅन केलाय.
पाच गुणिले तीन छेद चार,
समोर पेन्सिलने काढलेली एक होडी
आणि होडीशेजारी लाल शाईत माझा भोपळा.
पुरावा क्रमांक एक.

दुसरी फाईल त्याने स्वतः भरलीय.
ऑगस्ट, बंदर, वारा फार.
नाव दिलंय: आजो इचारता.
एक म्हातारा आवाज, आज पंचमी. भरती कदी रे?
आणि वर्गात तोंड न उघडणारा हा पोरगा
लगेच,
पाच पाऊण पावणेचार.
नवमीक? पावणेसात.
एकादशीक?
थोडं थांबून, सव्वाआठ.
मग इंजिन सुरू होतं, कुणीतरी खोकतं,
फाईल संपते.

मी घाटावरची, आटपाडीकडची.
सहा वर्षं झाली इथे,
भरतीची वेळ मी अजून मोबाईलवर बघते.
पुस्तकातून केव्हाच गेलेली पाऊणकी
या वाडीत तिथीला बांधून ठेवलीय,
हे मला दहा वर्षांच्या पोराच्या फोल्डरातून कळलं.

तिसरी फाईल वर्गातली. मीच काढलेली.
त्यात मी विचारते, लौकिक, पाचाचे तीन चतुर्थांश?
तो म्हणतो, बाई...
मी म्हणते, बस खाली. पुढचा.

मागे नेऊन पुन्हा लावली.
'बाई' आणि 'बस' यांच्यात
दोन सेकंदही नाहीत.
तिसऱ्यांदा लावली.
त्या 'बाई'नंतर त्याने श्वास घेतलेला ऐकू येतो,
सांगण्याआधी घेतात तसा.

शेऱ्याच्या रकान्यात निवडायचं असतं:
समाधानकारक, किंवा सुधारणेची गरज.
कुणाला, ते विचारलेलं नाही.

पुसता आली असती. बोट तिथवर गेलंही.
केंद्रप्रमुख ऐकणार नाहीत,
ते पाच मोजतात आणि पुढे जातात.
राहू दिली. नाव फक्त बदललं:
बाई, सप्टेंबर.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिथ्या होत्या.
लौकिक खडू घेऊन उभा,
आर्विका त्याच्याशी भांडतेय
की पुनवेनंतर सोळा म्हणायचं का परत एक,
तहुरा म्हणते, आमच्या चाचाला विचारा,
आणि मी मागच्या बाकावर, टॅबलेट चालू.
बाई, द्वादशीक किती?
मी बोटांवर आले. बोटं पुरेनात.
तो थांबला. कुणी हसलं नाही.
रेकॉर्डिंगमध्ये चौदा सेकंद नुसता पंखा आहे.

नऊ, मी म्हटलं.
त्याने खडूने नऊ लिहिला, माझ्याकडे बघितलं,
आणि शेजारी एक छोटी होडी काढली.

शुक्रवार उलटलाय.
सड्यावर आज वारा आहे,
ती फाईल बासष्ट टक्क्यांवर अडकलीय.